आडवी ठेवायची नाही

सोमवार, ५ जून
आलो बाई एकदाचे! नवी शाळा, नवी खोली, आणि खिडकीतून चक्क झाड दिसतं. चिमणीने, म्हणजे माझ्या लेकीने, आल्या आल्या पलंगावर उड्या मारून खालच्या बिऱ्हाडाला आमची ओळख करून दिली. मी कलेची बाई, ती माझ्याच शाळेत चौथीला. बदल्यांनी माझा पार पिट्टा पाडलाय. इथे जरा विसावता येईल असं वाटतं.

गुरुवार, ८ जून
विसावा कसला! मोठ्या बाईंनी काम सोपवलं: मुलांना सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ शिकवा, महिनाअखेर पाहुण्यांसमोर प्रयोग. पी हळद नि हो गोरी! नशीब, जुने खेळवाले आजोबा मदतीला आहेत. चामडं पातळ कसं खरवडायचं, सांध्याची गाठ किती सैल ठेवायची, दिव्यापासून बाहुली किती लांब धरायची, सगळं हौसेने दाखवतात. डोळा मात्र सगळ्यात शेवटी, आरीने, एका दाबात. आणि जित्या माणसाची बाहुली केली तर तिला डोळा पाडायचाच नाही, असं बजावलं त्यांनी. मुलं खिदळली. मीही हसले.

शुक्रवार, १६ जून
एका वाघाला पाच पाय झालेत. राजाचं डोकं उलटं शिवलंय. माझा घसा बसला, पाय सुजले. चिमणीने स्वतःचीच बाहुली केली, दोन वेण्या, पुढे आलेले दात, अगदी हुबेहूब. कौतुक वाटलं कार्टीचं.

मंगळवार, २० जून
आजोबा खोकल्याने घरी. शाळेतून येऊन जरा पाठ टेकली, तर चिमणीची भुणभुण सुरू. सगळ्यांच्या बाहुल्यांना डोळे, माझीच तेवढी आंधळी म्हणे. आजोबांचं बोलणं लक्षात होतं. पण कटकट मिटावी म्हणून उठले, आरी घेतली आणि टच्. पोरगी खूश. बाहुली खुंटीला उभी टांगून ठेवली.

बुधवार, २१ जून
चिमणी सकाळपासून एका अंगानेच चालते. हाक मारली की वळते, तरी चेहऱ्याची एकच बाजू दिसते. मान धरली असेल म्हणून तेल चोळलं. दुसरा कान हाताला लागेना. दमलेय मी, दुसरं काय.

गुरुवार, २२ जून
तालीम संपली, बाहुल्या पेटीत आडव्या ठेवल्या. तेवढ्यात मुली ओरडत आल्या, चिमणी मैदानात कोसळली. डोळे उघडे, श्वास नाही. मला काय सुचलं कोण जाणे, धावत जाऊन तिची बाहुली उपसली, उभी धरली. खिडकीतून पाहिलं, चिमणी उभी. बाहुली खाली न्यायला लागले, तर ती वाकली. देवा!

शुक्रवार, २३ जून
आजोबांकडे गेले, बाहुली हातात धरूनच. बघून रडले ते. म्हणाले, पाडलेला डोळा बुजत नाही. एकदा पेटीत आडवी पडली, आता खुंटीवरही भागणार नाही. ही आडवी ठेवायची नाही. ज्याने डोळा पाडला त्याच्याच हातात उभी हवी. कधीपर्यंत, म्हणून विचारलं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

शनिवार, २४ जून
बाहुली खुर्चीला उभी बांधून पाहिली. चिमणी काळीनिळी पडली — सोडवली लगेच. मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, रजा घ्या, झोपा. झोपा म्हणे!

रविवार, २५ जून
दंडात गोळे. बोटं बधिर. हात बदलता येतो, तेवढंच — चिमणी दारात, बाजूने. म्हणते, आई, दमलीस, झोप ना गं. बाळा, नको गं असं लाडाने —

दुपार
उजवा हात वर जात नाही. लिहिता येतं पण. लिहीत राहिले की जागी राहते. बाहुली डाव्यात. चिमणीला सांगितलंय, आतल्या खोलीत गाणं म्हणत बस — म्हणजे मला कळेल —

म्हणतेय. छान म्हणतेय.

पापणी — नाही. जागी आहे मी. गाणं चालू. चालू आहे. चालू

चिमणे? थांबलीस का गं? चिमणे, म्हण ना, पुढचं म्ह — बाहुली मांडीवर कशी