सूर्याकडे फेकलेला तुकडा

रऊफ,

आपल्या जुमानाच्या पडून तुटलेल्या दातावर, हिरडीत मसुराएवढा पू साठलाय. तुकडा मिळाला होता, चिकटवता आला असता. पण तुझ्या आईंनी तो दुधाचा दात समजून तिला गच्चीवरून सूर्याकडे फेकायला लावला. "सूर्य नवरीच्या दातासारखा नवा देईल बघ!" म्हणे. हा कायमचा दात आहे, नवा येणार नाही. मूळ अजून कोवळं आहे. आतून स्वच्छ करून तिथे रक्त उतरू दिलं, तर ते वाढू शकतं. हे तुला तीनदा सांगितलं. तुझं आपलं "ईदनंतर बघू."

मोलोखियाची पातळ पालेभाजी फ्रिजमध्ये आहे, भात लावून घे.

आत्ता आई म्हणाल्या, "उपटून टाक गं, एका दाताचं कसलं कौतुक!"

मी म्हणाले, "नाही उपटणार. रऊफ हो म्हणो न म्हणो, मी तिला आजच अलेक्झांड्रियाला दातांच्या डॉक्टरकडे नेतेय."