पडद्याच्या कोपऱ्यातला साठ

२ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल खिडकीखालून एक माणूस सायकलवरून गेला, मागे कॅरिअरवर एक मुलगी, आणि मला आपली शाळेची वाट आठवली. तू पुढे, मी मागे, माझं दप्तर तुझ्या हँडलला. मी डोळे गच्च मिटून घ्यायची आणि तू पायडल मारत राहायचास. तू घंटी वाजवलीस की डोळे उघडायचे आणि एका दमात सांगायचं, कुठे आलो ते. मिटताना बेकरी असायची, उघडले की घड्याळाचा चौक. मधला रस्ता कुणी कात्रीने कापून नेल्यासारखा. आज मी नाही, तू डोळे मिट, असा हट्ट मी कितीदा धरला. तू म्हणायचास, डोळे मिटायचा मान मागच्याचा, पुढच्याला तो नाही. शाळेत सिस्टरांनी शिकवलेलं पुष्कळ विसरले, हे मात्र नाही विसरले.

या वयात आपण पुन्हा एका वाहनात बसलो ते तुझ्या लेकीमुळे. टिटवीने टीव्हीला जोडायचा तो खेळाचा डबा पाठवला नसता, तर मी दुपारभर लोकर उसवत बसले असते. तू वल्ही मारायची, मी सुकाणू धरायचं, मध्ये नदी. नावेला घंटी आहे हे पाहून तर मी एकटीच हसले. खेळताना अवाक्षर काढायचं नाही, बोलायचं ते पत्रात, हा तुझा नियमही मला मानवला. फोनवर तसाही तू नुसते हुंकार देतोस.

एक तक्रार आहे. पुलाखालच्या धुक्यात माझी नाव उचक्या देते. टिटवीला विचारलं. तिचं कामच ते, आपल्या कंपनीचा खेळ तऱ्हेतऱ्हेच्या यंत्रांवर चालवून कुठे अडखळतो ते पकडायचं. ती म्हणाली, यंत्र दर सेकंदाला साठ चित्रं काढतं, म्हणून आपल्याला नाव वाहताना दिसते. धुकं, पाऊस, हलणारी पानं असं पुष्कळ काही एकदम काढायची वेळ आली की ते दमतं, साठाची वीस होतात आणि उचकी लागते. तुझ्या जुन्या लॅपटॉपला तर धापच लागत असेल. परवा आपण खडकावर आपटलो ते त्यामुळेच ना?

वहिनीचा गुडघा कसा आहे ते कळव. माया आहेच, ती अधूनमधून पोस्टातही टाकत जा.

तुझी
ठकी

९ ऑगस्ट

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून सिस्टरांच्या पट्टीला घाबरून चालतं. माझं पाहा, चाळीस वर्षं स्टिअरिंग धरून कसं वळणावळणाचं झालंय.

खडकाचं पाप माझ्या माथी मारू नकोस. पुलाचा संबंध नाही, आपटलो ते पुलाच्या बरंच अलीकडे. मी वल्ही मारतोय, खडक लांब आहे, आणि पुढच्या क्षणी तो नाकासमोर! मधलं काही यंत्राने दाखवलंच नाही. लॅपटॉप म्हातारा झाला म्हणून टिटवीचा फोन वापरून पाहिला, त्यावरही तेच. शेवटी तिने नवा कॉम्प्युटर धाडला. केवढं तरी खोकं, आत रंगीत दिवे. वहिनी म्हणते त्याच्या उजेडात भाजी निवडता येईल. पुलाखालचं धुकं आता लोण्यासारखं सरकतं. पण ती उडी आहे ती आहेच. दोनदा, कधी तीनदा. टिटवीला मी स्पष्ट सांगितलं की बाई, तुमचा खेळच कच्चा आहे.

इथे डोंगरावर शाळेला लांब सुट्टी पावसाळ्यात, तीत शाळेच्या बसची कामं उरकली. ब्रेक तपासले, सीटा शिवून घेतल्या. डाव्या अंगाला शाळेच्या फाटकाचा खांब घासला होता, तिथे रंग मारला. इतकी वर्षं त्या फाटकातून जातो, यंदा खांब मध्ये कसा आला देव जाणे. मालक कुरकुरला, मी ऐकून घेतलं. एकतीस तारखेला, सोमवारी शाळा उघडते. पहिल्या सीटवर बसणाऱ्या चिमुरडीचे पाय अजून खाली टेकत नाहीत, तिच्यासाठी उशीला नवा अभ्रा घातलाय. सुट्टीत पोरांची कलकल नाही म्हणून कान उपाशी आहेत.

वहिनीचा गुडघा जिन्यावर रुसतो, बाजारात जाताना नाही. तब्येत सांभाळ. आशीर्वाद जुनेच आहेत, पण टिकाऊ आहेत.

दादा

१६ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. हसू यायला हवं होतं, आलं नाही.

माझ्या पडद्यावर मला तुझा नावाडी दिसतो, हे तुला ठाऊक आहे. गुरुवारी तो मधेच थांबला. वल्ही हातात, छाती वरखाली होतेय, श्वास चालू, पण हात हलत नाहीत. वल्ही थांबली की सुकाणूही चालत नाही, नाव नुसती वाहत जाते. मी घंटी वाजवली, पुन्हा वाजवली. मग एकदम वल्ही मारायला लागला, जसं काही झालंच नाही. मला वाटलं चहाचा कप घ्यायला हात काढला असशील. पण मग तू पत्रात उडी म्हणतोस ती कुठली? मी टिटवीला विचारलं. इंटरनेट तुटलं तर नावाडी नाहीसा होतो आणि वर लाल खूण येते, असं ती म्हणाली. लाल खूण नव्हती.

दुसरं असं की, यंत्र दमतं ते गर्दीच्या जागी. तुझी उडी सपाट पाण्यावर येते, जिथे काढायला काहीच नाही. हे मी टिटवीला सांगितल्यावर ती तिच्या कामातली रीत सांगू लागली. दोष शोधायचा तर एकेक गोष्ट बदलत जायचं आणि काय बदललेलं नाही ते बघायचं. लॅपटॉप बदलला, फोन बदलला, कॉम्प्युटर नवा. मग तिन्हींत तेच ते काय राहिलं, असं तिने विचारलं आणि घाईने फोन ठेवला. इतकी बडबडी मुलगी, म्हणून तर टिटवी.

माझं एक ऐक. त्या खेळात पडद्याच्या कोपऱ्यात चित्रांचा आकडा दिसायची सोय आहे, ती टिटवी लावून देईल. वहिनीला शेजारी बसव. नदीकडे नको, तिने फक्त आकड्याकडे बघायचं. उडी आली आणि आकडा घसरला, तर मी टिटवीच्या कंपनीला स्वतः चार खरमरीत ओळी लिहीन. एवढं कर. माझ्या जिवाला घोर लागलाय, आणि तू चिडवशील हे माहीत असूनही लिहितेय.

नमस्कार, आणि रागावलास तरी पत्र थांबवू नकोस.

ठकी

२२ ऑगस्ट

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता लिहितेय. तुमच्या सांगण्याप्रमाणे काल शेजारी बसले, मटार सोलत. कोपऱ्यात साठचा आकडा. पुलाखाली सत्तावन्न झाला, पुन्हा साठ. मग मोकळं पाणी लागलं. आकडा साठावरच होता, वन्सं. नाव मात्र सरळ खडकाकडे निघाली. मी आकडा सोडून यांच्याकडे पाहिलं.

डोळे उघडे होते. पडद्याकडेच होते. पण त्या डोळ्यांत हे नव्हते. अंगठा बटणावर तसाच पडलेला, ओठ काही तरी चघळल्यासारखे हलत होते. मी हाक मारली, खांद्याला हात लावला, मटाराची परात सांडली तरी कळलं नाही. नाव आपटली. मग पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि हे माझ्याकडे वळून म्हणाले की बघितलंस, पुन्हा उडी मारली या डबड्याने. आणि मटार कुणी सांडले असंही मलाच विचारलं.

आता मागचं सगळं आठवतंय. गॅससमोर उभे असताना दूध उतू गेलं, तेव्हा मीच यांना वेंधळे म्हणाले. जेवताना घास हातात धरून बसतात, मला वाटायचं हिशेब चाललाय. आणि तो फाटकाचा खांब. बसमध्ये तेव्हा पोरं नव्हती, हे नशीब.

मी जे पाहिलं ते सांगितलं, तर आवाज चढवला. चाळीस वर्षांत एक ओरखडा नाही, म्हणाले. कुणाला बोललीस तर बघ, असंही म्हणाले. एकतीस तारखेला त्या बसमध्ये चाळीस लेकरं बसणार आहेत. तुमचं ते ऐकतात, निदान तुमचं ऐकताना ओरडत नाहीत. काही करा.

तुमच्याच भरवशावर,
वहिनी

२५ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आपला नियम मोडून मी फोन केला आणि तू ठेवून दिलास. दुसऱ्यांदा उचललाच नाहीस. म्हणून हे कुरिअरने पाठवतेय, हातात पडेल, आणि पत्र तू अर्धं वाचून टाकत नाहीस हे मला ठाऊक आहे.

वहिनीवर चिडू नकोस. बसची किल्ली तिने पिठाच्या डब्यात लपवली ती माझ्या सांगण्यावरून, आणि तू ती शोधून काढलीस हेही मला कळलं. काढलीस तर काढलीस. तू चोर नाहीस आणि ती पहारेकरीण नाही. किल्ली तू स्वतः खाली ठेवायला हवी.

तू म्हणतोस, मला काही होत नाही. तुला कळणारच नाही, दादा. मी कॅरिअरवर डोळे मिटायची तेव्हा मलाही रस्ता सरकताना कळायचा नाही. बेकरी आणि लगेच चौक. पण मी मागे होते. पुढे तू होतास, डोळे उघडे ठेवून, म्हणून मला काही झालं नाही. सोमवारी पुढे कोण असणार आहे? ती चिमुरडी नव्या अभ्र्याच्या उशीवर बसणार, पाय हलवत, तुझ्या भरवशावर डोळे मिटून. आणि तिचे मिटलेले असताना तुझे उघडे असून नसले तर?

यंत्रं आपण तीन बदलली. चौथं बदलता येत नाही, ते दाखवावं लागतं. टिटवीने मेंदूच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली आहे, ती गाडी घेऊन येईल, तू मागच्या सीटवर बसायचंस.

आणि कटू लिहिते. बसच्या मालकाच्या नावाचं पत्र मी लिहून ठेवलंय, पाकिटावर तिकीटही लावलंय. तू शुक्रवारी गेलास तर ते टाकणार नाही. नाही गेलास तर शनिवारी पेटीत पडेल. मग तू जन्मभर माझं तोंड पाहिलं नाहीस तरी चालेल. सायकलीवर मला बसवणारा भाऊ मला हवा आहे, पण त्याहून जास्त ती चाळीस पोरं त्यांच्या घरी पोचायला हवी आहेत.

लोभ मागत नाही, या खेपेला तो मी पणाला लावलाय.

तुझीच
ठकी

२९ ऑगस्ट

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

ते पाकीट फाड. मालकाकडे मी आज सकाळी स्वतः जाऊन आलो.

शुक्रवारी डॉक्टरांकडे गेलो ते तुम्हा तिघींना खोटं पाडायला. डोक्याला वायरी लावल्या, कागदावर रेघा काढल्या. फिटच म्हणतात याला, पण पडायची नाही, अशी फिट असते हे मला नवीन. माणूस क्षणभर विझतो आणि पेटतो, त्याचं त्याला कळत नाही. गोळ्यांनी आटोक्यात येईल म्हणाले. बस मात्र नाही म्हणजे नाही.

रेघा पाहूनही मला पटलं नव्हतं. माझ्या बाजूने पाहिलंस तर मी कधी थांबलोच नाही, थांबलं ते जग. मग टिटवीने तिच्याकडे साठवलेला, मटार सांडले त्या दिवशीचा खेळ लावला. मोकळं पाणी, खडक लांब. मग खडक जवळ आला, आणखी जवळ आला, शांतपणे, एकही उचकी न देता. एक पांढरा पक्षी डावीकडून उजवीकडे उडत गेला. ठके, तो पक्षी मी आयुष्यात पाहिलेला नाही. कोपऱ्यात साठच होता. मधला रस्ता तिथेच होता, मीच नव्हतो. वहिनीला मी मग मटार सोलून दिले.

आता कुणाला काय द्यायचं ते लिहितो, सगळं टिटवीकडून तडीस ने. बसची किल्ली मालकाला दिली, पण माझ्या जागी येणाऱ्या त्या मिशीवाल्याला सांगायचं राहिलं की तिसऱ्या खिडकीची कडी बाहेरून दिसते तशी लागलेली नसते, हाताने ओढून बघायची. माझा रेनकोट त्यालाच द्या, त्याच्या अंगाला होईल. शिट्टी बसमधल्या मदतनीस बाईंना, त्यांचा आवाज बसतो. उशी पहिल्या सीटवरच राहू दे, ती माझी नव्हेच. सायकल वहिनीला. बाजारात ती नेईल म्हणते, गुडघ्याला व्यायाम. मला कॅरिअरवर घेणार का विचारलं, तर तिने चाकांत हवा भरायला सांगितलं.

दिव्यांचा कॉम्प्युटर टिटवीने परत न्यावा, आणि खेळ कच्चा म्हटल्याबद्दल माझ्या वतीने तिच्या सगळ्या कचेरीची माफी मागावी. मला जुना लॅपटॉप पुरे. पुलाखाली उचक्या देईल, देऊ दे. त्या त्याच्या आहेत, माझ्या नव्हेत. खेळायला डॉक्टरांनी ना म्हटलेलं नाही, थोडा थोडा वेळ खेळा म्हणाले.

वल्ही आणि सुकाणू दोन्ही ठकीला. एकाच माणसाने दोन्ही धरायची सोय आहे, टिटवीने दाखवली. मी मागे बसतो. घंटी वाजवलीस की डोळे उघडून सांगेन, कुठे आलो ते.

दादा