स्लॅबवरची टाकी

२२ नोव्हेंबर २००९
पहाटे चारला लाईट गेली ती आठला आली. क्लाससाठी माझ्याकडे राहणाऱ्या पोरींना गरम पाणी हवं नेमकं त्याच वेळी! गिझर भिंतीला शोभेला टांगलाय. बंब पेटवावा तर तिसऱ्या पोरीचं पाणी तापेपर्यंत क्लास सुटेल. सहाही जणी गार पाण्यानं अंघोळ करून क्लासला गेल्या. उमरीची ऋतुजा तर आधीच तापानं फणफणलेली. तिच्या वडलांचा फोन — "ताई, सोय न्हाई झाली तर पोरीला दुसरीकडं ठेवावं लागंल." मी म्हटलं, सोलर बसवतेय. ठरवलं काहीच नव्हतं, बोलता बोलता ठरून गेलं.

२४ नोव्हेंबर
फिटर खाजामियाँ येऊन गच्ची बघून गेले. अंगणात शेजारच्या तीन मजली होस्टेलची सावली पडते, गच्चीवर मात्र दिवसभर लख्ख ऊन. पाचशे लिटरची टाकी पोरींच्या खोलीवर येईल. "बीमवरच बसवून राहिलो, ताई. हत्ती उभा केला तरी हालत न्हाई." आधी पाणी, मग दिवे, उन्हाळ्यात पंखे — सगळं उन्हावर. लाईटवाल्यांची मिजास सहन करणार नाही आता. माझे अंदाज सहसा चुकत नाहीत.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एवढंच म्हणाल्या, "डोक्यावर वजन नगं."
भूकंपात गावचं घर पडलं तेव्हापासून त्या स्लॅबखाली झोपलेल्या नाहीत. सोळा वर्षं झाली. अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत असतात, उन्हाळ्यात भाजून निघतात, तरी आत येत नाहीत. मी म्हटलं, तुम्ही पत्र्याखाली, टाकी तुमच्या डोक्यावर येतेच कुठे? मला वाटलं, पटलं.

२७ नोव्हेंबर
पटलेलं नाही. अबोला! ह्यांना विचारलं तर म्हणतात, "तुम्ही दोघी बघून घ्या." मोठी मदत झाली.

२९ नोव्हेंबर
टाकी चढली. दोर, बांबू, चार माणसं आणि खाजामियाँचा आरडाओरडा. आत्याबाई अंगणात उभ्या राहून बघत होत्या. चार दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं ते खाजामियाँपाशी — "भरल्यावर किती वजन व्हतंय?"
"सहाशे किलोच्या वर, अम्मा!" ते छाती फुगवून म्हणाले. तोंडावर बोट ठेवा म्हणून मी खुणावत होते, पण उशीर झाला.

१ डिसेंबर
गरम पाणी!! लाईट नसताना, पहाटे पाचला, वाफ येणारं! ऋतुजा न्हाणीघरातून ओरडली, "काकू, हात भाजून राहिला!" मी उगाचच दोनदा नळ सोडून बघितला. आज मी फार खूश आहे आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

२ डिसेंबर
बाजारातून दुपारी आले तर पत्र्याच्या खोलीत आत्याबाईंचं अंथरूण नाही. रेणापूरला भावाकडे निघून गेल्या की काय! शोधत पोरींच्या खोलीत गेले. बरोबर टाकीच्या खाली, दोन कॉटांच्या मधे, जमिनीवर गोधडी टाकून बसल्या होत्या. घामानं डबडबलेल्या.

मी काही विचारायच्या आधीच बोलल्या. "त्या साली माळवद लई गळत हुतं. पोरींचं अंथरूण भिजू नै म्हणून म्याच माती चढीवली वर. दर साली चार टोपल्या टाकायची, त्या साली धा टाकल्या."

माझ्या दोन्ही नणंदा भूकंपात त्या माळवदाखाली, मातीच्या छताखाली गाडल्या गेल्या. हे लातूरला शिकायला होते म्हणून वाचले. एवढं मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. मातीचं आज कळलं. सोळा वर्षं आम्ही समजत होतो, बाई स्वतःच्या जिवाला भिते.

"ह्या बी लोकाच्या पोरी हायेत," म्हणाल्या. "पडायचं आसंल तर आधी माझ्यावर पडू दे."

बीमचं सांगायला तोंड उघडलं, पण सांगवलं नाही. मग खाजामियाँना फोन केला.

४ डिसेंबर
टाकी पॅनेलसकट खाली अंगणात आली. सावलीमुळे पाणी कमी तापतं, पण अंघोळीपुरतं तापतं. आत्याबाईंची गोधडी पत्र्याच्या खोलीत न्यायला गेले तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि परत दोन कॉटांच्या मधे अंथरली.