सगळ्यात शेवटी आत येण्याचा हक्क

मी, महादेवराव उकंडाजी साबळे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती, राहणार मौजे तेलखेड, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, माझ्या पश्चात घरात भांडण होऊ नये आणि झालेच तर ते चुकीच्या माणसाने जिंकू नये, म्हणून हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, एका डोळ्यात पडदा आहे, पण डोके जागेवर आहे. तसा दाखला डॉक्टर प्रसेनजित यांनी तपासून दिला, तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजची तारीख विचारली. मी तारीख सांगितली आणि त्यांची मोटारसायकल लिंबाखालून काढायला लावली, कारण आभाळ बरे दिसत नव्हते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती या घरात आहे आणि ती सध्या चुलीपाशी बसून मी काय लिहितो ते ऐकते आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझ्या कुटुंबात पत्नी अन्नपूर्णाबाई, मोठा मुलगा शेखर (नोकरीनिमित्त बुलढाण्याला), धाकटा मुलगा जीवन (शेती करतो, माझ्याजवळ) आणि जीवनची पत्नी डिंपल, एवढी माणसे आहेत.

कलम १. गावातले माझे राहते घर मी माझ्या कष्टाने बांधलेले आहे. मातीच्या धाब्याची एक खोली, टिनाच्या दोन खोल्या आणि अंगण. अन्नपूर्णाबाई हयात आहेत तोवर घर त्यांचे. त्यांच्या मागे जीवन आणि डिंपल यांचे, दोघांच्या नावाने. शेखर सणावाराला आला तर त्याने पाहुण्यासारखे बाजेवर बसू नये, आपले पाणी आपण घ्यावे.

टिनांवरचे दगड कोणी उतरवू नयेत. दिसायला वाईट दिसतात, असे डिंपलच्या माहेरचे म्हणतात. त्यांची टिने मागच्या वावटळीत कुठल्या कुठे गेली, हेही त्यांनी सांगायला हवे होते. धाब्याच्या खोलीला बाहेरून कुलूप लावू नये. वादळात त्या खोलीवर सगळ्या गल्लीचा हक्क आहे आणि तिथे शिरणाऱ्याला जात, भांडण, चिखलाचे पाय, यातले काहीही विचारू नये. आभाळ फाटले की आमच्या घरात आधी माणसे, मग जनावरे, मग वाळवणाच्या कुरड्या आत येतात. अन्नपूर्णाबाईंचा क्रम थोडा वेगळा आहे, पण कुरड्याही त्यांच्याच असतात, त्यामुळे मी बोलत नाही.

कलम २. माझ्या नावावरचे कोरडवाहू शेत दोन्ही मुलांना सारखे. शेखरला आपला वाटा कसता येणार नाही, म्हणून तो बटाईने द्यायचा झाल्यास आधी जीवनला विचारावे. बँकेत आणि डब्यात जे असेल ते सगळे अन्नपूर्णाबाईंचे. डबा कुठे आहे हे त्यांनाच माहीत आहे, मला नाही.

कलम ३. हे कलम लांब आहे आणि खरे मृत्युपत्र हेच आहे.

आम्ही गारपगारी. गावावर गारा आल्या की त्यांना अडवायला जे घर पुढे जायचे, ते घर. माझे आजोबा आभाळ काळे-हिरवे झाले की मारुतीच्या ओट्यापुढे उघड्यावर उभे राहत आणि गार थांबेपर्यंत हलत नसत. त्याबद्दल खळ्यावर प्रत्येक कास्तकार आम्हाला धान्य देई. गार खरेच थांबायची का, असे शेखरने मला लहानपणी विचारले होते. थांबायचीच. कोणतीही गार दिवसभर पडत नाही. ती थांबेपर्यंत आमचा माणूस तिथे असायचा, एवढे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगतो.

पुढे धान्य बंद झाले, लोक हसू लागले, पण माझे वडील जायचे थांबले नाहीत. एकदा माझा धाकटा भाऊ त्यांच्यासोबत गेला आणि वीज अंगावर पडून गेला. त्यानंतर वडील माझ्या हातात काम देताना एवढेच म्हणाले, "गारीले काय सांगतं बे? मानसाले सांग."

मी माणसांना सांगितले. आमच्या घरात पितळेची एक परात आहे. ती शोभेची नाही, रोजची कणीक तिच्यातच मळतात. आभाळ वाजायला लागले की मी ती परात बडवत गल्ल्यांतून आणि बांधाबांधाने फिरायचो. वावरातली माणसे, गुराखी, पाण्यावर गेलेल्या बाया, सगळ्यांना छपराखाली घालायचो आणि सगळ्यात शेवटी स्वतः आत यायचो. गहू झोपला, हरभरा गेला, टिने उडाली. त्यांना मी वाचवू शकलो नाही. पण परात माझ्या हाती होती तोवर तेलखेडमध्ये उघड्यावर गारांनी एकही माणूस मेला नाही. हे वाक्य मसुदा तपासणारे वकीलसाहेब गाळा म्हणाले. मी गाळणार नाही.

गेल्या वर्षी मार्चात मी गुडघ्यामुळे बाजेवर होतो. जीवन तूर घेऊन चिखलीला गेला होता. शेजारी गोकुळच्या वावरात बाया हरभरा काढत होत्या. दुपारी पश्चिमेकडून आभाळ उठले आणि मला उठता येईना. डिंपल परातीत कणीक मळत होती. तिने माझ्याकडे पाहिले, कणीक ताटात उलटली, परात आणि लाटणे घेतले आणि गेली. आवाज गल्लीगल्लीने लांब जात राहिला. मग टिनावर गारा सुरू झाल्या आणि काहीच ऐकू येईना. मी आयुष्यात पहिल्यांदा गारपिटीत घरात होतो. आत बसणे किती अवघड असते ते मला त्या दिवशी कळले. अन्नपूर्णाबाई माझ्यासाठी अशाच दाराशी बसत असतील, हे मला तोवर कधी सुचले नव्हते.

बाया भिजून धाब्याच्या खोलीत आल्या. सगळ्यात शेवटी डिंपल आली. परात डोक्यावर, कपाळावरून रक्त.

"मामाजी, वावरात आता कोनी नाही," ती म्हणाली. "मंजुळाबाई येऊन नाही राह्यल्या होत्या. ताडपत्री धरून बसल्या होत्या. हात धरून आनलं."

"मंग तुले काऊन उशीर झाला?"

"साऱ्याइले आत जाऊ देल्लं, मंग आली."

हे तिला कोणी शिकवलेले नव्हते. मी पाहिले, तिच्या सासूने तिचे डोके मांडीवर घेतले होते, आणि कुरड्या अंगणात भिजत होत्या.

दुसऱ्या दिवशी गोकुळ पारावर म्हणाला, "बाईमानूस गारपगार कराले गेली, म्हनून गार वाढली. हा हक्क पोराचा असते, सुनेचा नाही." ज्या मंजुळाबाईला डिंपलने ओढून आणले, ती याचीच बायको. भावकीनेही मान डोलावली. सून परक्या घरची, म्हणे. आमच्या घरात येऊन चौदा वर्षे झाली, आमच्या गावासाठी तिने डोके फोडून घेतले, आणि परकी!

शेखरचे म्हणणे वेगळे आहे. तो म्हणाला, "बाबा, काकाचा फोटो पाहूनच मोठा झालो मी. आता मोबाईलवर इशारा येते. तुमच्यासंगं हे खतम होऊ द्या." त्याची भीती खोटी नाही आणि तो वाईट मुलगा नाही. इशारा येतो, मीही ऐकला आहे. पण त्या दिवशी मंजुळाबाईंचा मोबाईल घरी चार्जिंगला होता. इशारा हात धरून आणत नाही. जीवनला विचारले तर तो हसला. "मी वावरात असलो का मलेच परातीचा आवाज लागते. तिलेच द्या."

सबब, गारपगारीचा म्हणजे सगळ्यात शेवटी आत येण्याचा आमच्या घराण्याचा हक्क, परातीसह, मी डिंपल जीवन साबळे हिला तिच्या एकटीच्या नावाने देतो. शेखरला नाही, जीवनला नाही, भावकीला तर नाहीच. असा हक्क कायद्याने मालमत्ता ठरत नाही, असे वकीलसाहेबांचे मत आहे. ते त्यांनी त्यांच्याजवळ ठेवावे. हनुमान जयंतीच्या पंगतीत गारपगाऱ्याला पहिले पान वाढतात. ते पान यापुढे डिंपलला वाढावे. कोणी हरकत घेतली तर त्याने आधी सांगावे, मागच्या गारपिटीत तो कुठे होता.

अट एकच. वीज कडाडू लागली की तिने वावरात किंवा झाडाखाली जाऊ नये, गल्लीतूनच परात वाजवावी आणि आत यावे. ही अट मी शेखरसाठी घातली आहे. माझ्या भावासाठीही. ती पाळेल असे मला वाटत नाही, म्हणून जीवनने तिच्यावर लक्ष ठेवावे.

कलम ४. गोकुळच्या गोठ्याचे छप्पर माझ्या भिंतीवर टेकलेले आहे. भिंत माझी आहे हे मोजणीत सिद्ध झाले आहे. तरी माझ्या मुलांनी ते छप्पर काढायला लावू नये. पावसाळी दिवसांत त्याची गाय-वासरे कुठे जातील? गोकुळला मी माफ केलेले नाही, जनावरांचा त्यात दोष नाही. हे कलम पारावर वाचून दाखवावे, सावकाश आणि मोठ्याने.

कलम ५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉक्टर प्रसेनजित यांनी करावी. पहिले साक्षीदारही तेच. दुसऱ्या साक्षीदार म्हणून मी मंजुळाबाईंना बोलावले. ज्या घराशी वाद आहे तिथला साक्षीदार नको, असा सल्ला मला मिळाला. वाद गोकुळशी आहे. मंजुळाबाई निरोप मिळताच आल्या आणि म्हणाल्या, "सही कुठी करू ते सांगा. घरचं मी पाहून घेतो."

कलम ६. माझी माती आमच्या रीतीप्रमाणे करावी. वाजंत्री नको, अन्नपूर्णाबाईंना आवाज सहन होत नाही. मला नेताना आभाळ भरून आले, तर मी जिथे असेन तिथे मला खाली ठेवावे आणि सगळ्यांनी जवळच्या छपराखाली जावे. शेखर माझ्याजवळ थांबायचा हट्ट करील, त्याला जीवनने ओढून न्यावे. डिंपलने तिचे काम करावे, रडणे नंतर. आणि बाहेर कोण कोण राहिले ते बघताना तिने मला त्यात धरू नये.

ठिकाण: तेलखेड
दिनांक: १२ एप्रिल २०२६

मृत्युपत्र करणार: महादेवराव उकंडाजी साबळे (सही)

वरील मजकूर त्यांनी आमच्यासमोर वाचून घेतला, चूक नाही म्हणाले आणि आमच्यादेखत सही केली. आम्हीही त्यांच्यादेखत सह्या केल्या.

साक्षीदार:
१. डॉ. प्रसेनजित दयाराम गवई (सही)
२. मंजुळाबाई गोकुळ ठेंग (सही)