झुलाल आबांचे सातवे कडवे

प्रिय कुंदन,

तुझ्या मातोश्रींकरवी तुझा निरोप या कदलीफलविक्रेत्या मातुलापर्यंत धुळ्यास सुखरूप पोहोचला. तुझ्या ठायी पावित्र्य नसल्याने येत्या रविवारी तू ख्रिस्ती पाळकपदाची दीक्षा घेणार नाहीस, आणि ही वार्ता चर्चच्या पंचांना मी कळवावी. अक्का फोनवर रडत होती; मी गंभीर राहिलो. ते मला किती जड जाते, हे तू जाणतोस.

पंचांकडे जाण्यापूर्वी अपराधस्थळाचे अवलोकन करावे म्हणून मंगळवारी शिंदखेड्यास गेलो. तुझे महापातक तेथे सर्वश्रुत आहे. तेथील चर्चमधले वृद्ध झुलाल आबा गीताची प्रत्येक ओळ चढावरच्या बैलगाडीसारखी ओढतात. तुझी पेटी पुढे, आबा मागे. चौथ्या कडव्याला भर उपासनेत तू पेटी मिटलीस आणि म्हणालास, "आबा, तुमचं गीत संपण्याआधी प्रभूचं पुनरागमन होईल." वाक्य उत्तम आहे, ते मला सुचावयास हवे होते. परंतु म्हाताऱ्याने मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही, असे कळल्यावर माझेही हसू मावळले.

आबांच्या ओट्यावर मी तुझ्या वतीने शिव्या खाण्याच्या सिद्धतेने बसलो. त्यांनी चहा दिला. म्हणाले, "पोरगा दुसरा दिन सकायमा मन्हा घर उना. म्हने, आबा, मी चुकनू. पहिलाना पाळक रुसना तं दिवाईलोंग बोलना नही."

दुसऱ्याच सकाळी तू चूक कबूल केलीस, आधीच्या पाळकासारखा दिवाळीपर्यंत रुसून बसला नाहीस, हे तू अक्काला सांगितले नाहीस. माझ्या लेकीने, भूमिकेने, लहानपणी तुझा पतंग फाडला होता, आठवते? संक्रांतीपासून आंबे उतरेपर्यंत तू मामेबहिणीशी अबोला धरला होतास. तिने दिलेला तिळगूळसुद्धा तू कोंबडीला घातलास. तोच तू एका रात्रीत वृद्धाच्या दारी गेलास. वत्सा, यास पावित्र्यावाचून वेगळे नाव असल्यास मला अवगत नाही.

माझे धर्मज्ञान केळी पिकविण्याच्या खोलीपुरते. रावेरहून आलेला हिरवा माल आत ठेवून दार लावावे लागते. जो व्यापारी पिकले का, पिकले का म्हणून सारखे दार उघडतो, त्याचा माल अर्धा कच्चाच राहतो. तू रोज स्वतःचे दार उघडून पाहतोस. आत उष्णता देणारा तू नव्हेस, एवढे तरी तुमच्या सेमिनरीत शिकवीत असावेत.

आता पत्रप्रयोजन. तुझा निरोप मी पंचांना कळविलेला नाही, कळविणारही नाही. नकार द्यावयाचाच तर रविवारी वेदीपाशी उभा राहून तूच दे. मात्र तत्पूर्वी गीत होईल. आबा ते गाणार आहेत, आणि पेटीवर तूच हवास, एवढा त्यांचा हट्ट आहे. त्यांनी सात कडव्यांचे गीत निवडले आहे. मी अक्काला तसे कळविले, तेव्हा ती या आठवड्यात प्रथमच हसली. सातव्या कडव्यापर्यंत आबांच्या मागे राहा. पुढचे प्रभू पाहील.

तुझाच, किंचित कच्चा,
गिरधरमामा