घंटेची वाट पाहिली तो रविवार

दादा,

पेपरात तुझी आणि वहिनीची मुलाखत वाचली. सहलीच्या बोटी गेल्या, नदीकाठचे पाळणे गेले, म्हणून हळहळलास. खाली तुझं कौतुकही छापलंय, की बोट धक्क्याला अशी लावायचास की कपातला चहा हलायचा नाही.

चहा माझ्यामुळे हलायचा नाही. तू वरून घंटा द्यायची आणि मग मी खाली बोटीचा वेग मोडायला इंजिन उलटं फिरवायचं, असा नियम. पण काठावरच्या लोकांना हात करण्यात तुझी घंटा कायम उशिरा. मी पाण्याच्या आवाजावरून धक्का ओळखायचो आणि आधीच इंजिन उलटं टाकायचो. बारा वर्षं.

दर रविवारी येणारी ती शिवणकामवाली मला आवडायची, हे तुला ठाऊक नव्हतं. इंजिनाच्या झरोक्यातून मला फक्त तिच्या चपला दिसायच्या. मग वर तुझ्या सुकाणूपाशी तिचं हसू ऐकू यायचं. एका रविवारी माझं डोकं फिरलं. म्हटलं, होऊ दे याची फजिती, आज घंटा वाजल्याशिवाय हात लावायचा नाही. बोट धाडकन आदळली.

मजा बघायला वर आलो, तर तोल गेलेल्या तिला तू सावरून धरलं होतंस. बोट बांधून झाली तरी तिने तुझा हात सोडला नव्हता.

वहिनी म्हणते, तो दणका नशिबाने दिला. नशीब खाली हाताचं ग्रीस पुसत होतं, दादा.

पण हे पत्र मी टाकणार नाही. ती वाचेल, आणि माझे आभार मानेल.

तुझा धाकटा,
इंजिनाजवळचा