वरचे सूर

नजरबाद, म्हैसूर
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुष्माक्का,

नमस्कार. दसरा झाला, पाहुणे गेले, आईची गुडघेदुखी मात्र मुक्कामाला आहे. तू रागावलीयस, ठाऊक आहे. मी फोन उचलत नाही आणि आता हे पत्र! अय्यो, म्हणशील, डीजे झाला म्हणून शिंगं फुटली याला.

एक गंमत सांगतो. टेक्नोचा मला वीट आला. इतकी वर्षं बंगळूरच्या क्लबांत तेच धाड धाड. आई म्हणायची, "हे गाणं की पिठाची गिरणी?" बरोबरच होतं तिचं. गेल्या महिन्यात कंटाळून जुन्या हार्ड डिस्कमधली कॉलेजातली गाणी काढली. आपण एकच इअरफोन दोघांत वाटून ऐकायचो ती. सगळं सिंथसायझरवरचं, पण गाण्यासारखं, चाल असलेलं, मध्ये बाईचा संथ आवाज. रडलो गं. एवढा गोडवा सोडून मी गिरणीत काय करत होतो?

मग तुझं आवडतं लावलं. त्यात बाईच्या आवाजावर घुंगरांसारखी बारीक सुरावट वाजायची ना? ती नव्हतीच. माझ्याबरोबर काम करणाऱ्या भव्याला झापलं, कुठली भिकार कॉपी ही! ती बघतच राहिली.

"सर, वाजतेय की. आत्ता पण वाजतेय."

डॉक्टरांना दाखवलं. वरचे सूर गेलेत म्हणाले, स्पीकरपुढे उभं राहून राहून. गेलेलं परत येत नाही आणि उरलेलंही चाललंय. कानात मशीन घालीन, पण गाणं काही पूर्वीसारखं ऐकू यायचं नाही. आईला सांगितलं नाही. तिला वाटतं, मी सुम्ने, उगाच, तिच्याकडे दुर्लक्ष करतो.

फोनवर तुझं बोलणं नुसतं पुटपुटल्यासारखं येतं, म्हणून उचलत नाही. राग कसला!

तुझ्या मृदुलानं पहिल्यांदा "मामा" म्हटलेलं तू रेकॉर्ड करून पाठवलंस. आवाज पूर्ण वाढवून पुन्हा पुन्हा लावलं. तुझं "म्हण, म्हण" थोडं कळलं. तिचं काहीच नाही. मी तुला हसरा चेहरा पाठवून दिला.

दिवाळीची वाट बघू नको अक्का, लेकीला घेऊन लगेच ये. तिला माझ्या मांडीवर बसव आणि डाव्या कानाशी तोंड नेऊन म्हणायला सांग. त्या कानाला अजून थोडं कळतं. ओरडली तरी चालेल.

एकदाही हाक न ऐकलेला,
तिचा मामा
भुवन